मे महिन्यातली भिंत

नागपुरात तळघराचा खड्डा सर्वांत भरवशाचा दिसतो तो मे महिन्यात. वरची काळी माती वाळून टणक झालेली, खालचा मुरूम घट्ट. सहा मीटर उभी कापलेली भिंत आधाराशिवाय उभी असते आणि बिल्डर विचारतो, "साहेब, कुठं पडून राहिली ही भिंत? नेलिंगचा खर्च कायले?" नेलिंग म्हणजे मातीत सळ्या घालून भिंत धरून ठेवणं.

भिंत उभी असते ती कोरडेपणाच्या जोरावर. मातीत उरलेलं थोडंसं पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. पहिला दमदार पाऊस भेगांतून आत मुरला की ही ओढ संपते. मातीची ताकद कणाने कणावर दिलेल्या दाबात असते. पाण्याचा दाब वाढला की ती घटते. कार्ल टेरझागी यांचं हे तत्त्व आमच्या मृदा-यांत्रिकीचा पाया आहे. 30 जुलै 2014 रोजी अतिवृष्टीत पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसं गेली. तळघराचा खड्डा लहान असला तरी नियम तोच. भिंतीमागे 6 मीटर पाणी साचलं, तर तिच्या दर मीटर लांबीवर 18 टन जोर येतो. म्हणून पाणी काढून देणारी छिद्रं मला सळ्यांइतकीच महत्त्वाची वाटतात.

साइटवर गेलो की मी आधी काठावरची जमीन पाहतो. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, पण त्या जाळीदार असतात. काठाला समांतर धावणारी केसभर चीर दिसली, तर काम तिथेच थांबवतो. शेजारच्या घराच्या भिंतीत जुनी भेग असेल, तर तिच्यावर काचेची पट्टी चिकटवतो. काच तडकली, म्हणजे भिंत हलली.

शेजारच्या प्लॉटचा माती-तपासणीचा अहवालही उसना घेऊ नये. शहराच्या पश्चिमेला बेसॉल्ट खडक, पूर्वेला नाईस. बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये कधी मऊ लाल माती निघते. धरमपेठेतलं बोअरहोल वर्धमाननगरात कामाचं नाही.

खोदाई पावसाळा संपल्यावर सुरू करा. दीडेक मीटर उतरलात की नेल घाला, शॉटक्रीट (फवारून मारायचं काँक्रीट) मारा, मगच पुढे खोदा. नेल शेजाऱ्याच्या जमिनीखाली जातात, त्यासाठी त्याची परवानगी घ्या. मिळाली नाही तर आधी सोल्जर पाइल (काठावर उभे रोवलेले खांब) घाला. खड्डा तुमचा असला तरी त्याच्या काठावर दुसऱ्याचं घर उभं आहे. ते सुरक्षित राहिलं, तरच खोदाई नीट झाली म्हणायची.