उसवण्यासाठी घातलेली टीप

नव्या गाडीच्या आराखड्यावर अगदी सुरुवातीलाच एक बिंदू ठरतो. बसलेल्या माणसाचं धड आणि मांडी जिथे मिळतात तो खुब्याचा सांधा. या धंद्यात त्याला एच-पॉइंट म्हणतात. छत किती उंच, स्टिअरिंग किती लांब, पेडल कुठे, आरसा कुठे, बॉनेटवरून रस्ता किती दिसणार, हे सगळं त्या बिंदूपासून मोजलं जातं. तो तपासायला सुमारे ७६ किलो वजनाचा एक पुतळा असतो. त्याला डोकं नाही, हात नाहीत. पाठ, बूड आणि पाय एवढंच. तयार सीटवर तो ठरलेल्या रीतीने बसवायचा, वजनं चढवायची आणि त्याचा खुबा कागदावरच्या बिंदूपासून किती मिलिमीटर सरकला ते बघायचं.

सरकलेला सापडला की नवखा इंजिनिअर फोमला दोष देतो. मुरलेला माणूस आधी कव्हर चाचपतो. सांगाडा तोच, फोम तोच, पण कापडाऐवजी कातडं चढवलं की पुतळा जरा वर बसतो, कारण कातडं कमी ताणतं आणि फोमला मोकळेपणाने दबू देत नाही. कापडच जरा तंग बेतलं गेलं तरी तेच होतं. सीटचं आवरण म्हणजे वरून घातलेला कपडा ही समजूत तिथेच मोडते. वजन पेलण्यात आवरणाचा वाटा असतो, आणि आताच्या गाड्यांमध्ये तर जीव वाचवण्यातही.

जुन्या गाड्यांत साहित्य वेगळं होतं. पोलादी स्प्रिंगांची जाळी, तिच्यावर गोणपाट, त्यावर काथ्याचा थर, कापूस आणि सगळ्यांत वर रेक्झिन. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून दशकानुदशकं धावल्या. त्यांच्या सीट कितीदा उसवल्या, पुन्हा भरल्या आणि शिवल्या याचा हिशेब कुणीच ठेवला नाही. कुशनवाला कारागीर तळव्याने दाबूनच सांगायचा की कुठली स्प्रिंग बसली आहे आणि कुठे काथ्याचा गोळा झाला आहे. ऑक्टोबर २०२३ अखेर त्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या. त्याआधी २०१५च्या सुमारास 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमाने तरुण चित्रकारांकडून टॅक्सीच्या सीटसाठी आणि छतासाठी खास कापडं छापून घेतली होती. ज्या पृष्ठभागाकडे प्रवासी कधी बघतही नव्हते, त्याचे फोटो काढू लागले. कुशनच्या धंद्याला शहराने दिलेला तो फार मोठा मान होता.

स्प्रिंग गेली आणि तिची जागा फोमने घेतली. १९३७मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं, आणि पुढे दोन दशकांत त्याचा मऊ फोम बाजारात आला. आजच्या सीटची गादी साच्यात उगवते. पॉलिऑल आणि आयसोसायनेट हे दोन द्रव एकत्र ओतायचे. मिश्रणात थोडं पाणी असतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, मिश्रण फुगतं आणि बघता बघता साचा भरून जातो. बाहेर काढलेली गादी ताबडतोब रोलरमधून पिळून काढावी लागते. आतल्या बंद पेशी त्या दाबाने फुटून उघडतात. नाहीतर थंड होता होता गादी आक्रसते. बसण्याच्या मधल्या भागाला मऊ फोम आणि कडेच्या उंचवट्यांना कडक फोम, असा दुहेरी साचाही असतो. वळणावर शरीराला धरून ठेवायचं काम त्या उंचवट्यांचं, आणि चढता-उतरता सगळ्यांत जास्त झिजतातही तेच.

शोरूममध्ये गिऱ्हाईक पाच मिनिटं बसतो आणि बोटं रुतली की खूश होतो. विक्रीला ते सोयीचं आहे, पण पाठीला नाही. समृद्धी महामार्गाची नागपूर ते मुंबई ही ७०१ किलोमीटरची वाट एका दमात कापायची, तर फार मऊ सीटवर माणूस तासा-दीड तासात कण्हू लागतो. बूड रुततं, कंबर मागे सरकते, कण्याचा खालचा बाक सपाट होतो. त्यात हादऱ्यांचं गणित वेगळंच. बसलेलं शरीर सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सगळ्यांत हळवं असतं. फोमवर माणूस बसला की त्या जोडीचं स्वतःचंही एक कंपन असतं, आणि तेही साधारण याच पट्ट्यात येतं. त्यामुळे काही हादरे सीट गिळते आणि काही चक्क वाढवून देते. फोमची घनता, जाडी आणि खालच्या पत्र्याचा आकार जुळवून त्रासदायक हादरे कमी करणं हा सीट बनवणाऱ्याचा खरा अभ्यास. पाच मिनिटांच्या बैठकीत तो कुणाला जाणवत नाही.

मग येते बेतणी. इथे या कामाचा जीव आहे.

सीटचं कापड एकेरी नसतं. वर विणलेलं पॉलिएस्टर, त्याखाली काही मिलिमीटर फोमचा पापुद्रा आणि तळाला पातळ जाळीदार कापड. पापुद्र्याचा पृष्ठभाग ज्योतीवर क्षणभर वितळवून तिन्ही थर चिकटवलेले असतात. हे कापड आडवं एका मापाने ताणतं आणि उभं दुसऱ्याच. त्यामुळे प्रत्येक तुकडा कुठल्या दिशेने कापायचा हे आधी ठरवावं लागतं. एका पुढच्या सीटच्या कव्हरला कितीतरी वेगवेगळे तुकडे लागतात आणि प्रत्येकाच्या कडेला खुणेच्या बारीक खाचा असतात. शिवताना खाच खाचेला मिळालीच पाहिजे. उत्तम ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही: सपाट कापडातून गोलाई काढायची, तर एक कड किंचित आवळून दुसरीवर बसवायची आणि सुरकुती दिसू द्यायची नाही. कापणी आता संगणकावर चालणारं यंत्र करतं. पण वळणावर सुईच्या पायाखाली दोन थर कसे सरकवायचे ते यंत्राला अजून जमलेलं नाही. म्हणून जगभरातल्या सीट-कारखान्यांत सगळ्यांत जास्त माणसं शिवणीच्या मशीनवर असतात.

शिवलेलं कव्हर फोमवर नुसतं ओढून चालत नाही. पाठीचा आतला बाक आणि मांडीखालचा खळगा या जागी तंग कापड तंबूसारखं उचललं जातं. म्हणून फोममध्ये साच्यातच खोल चर ठेवलेले असतात, त्यांच्या तळाशी तार असते, आणि कव्हरच्या आतल्या टिपेला शिवलेली पट्टी हॉग-रिंग नावाच्या धातूच्या छोट्या कड्यांनी त्या तारेला बांधतात. वरून जी सुबक रेघ दिसते ती शोभेसाठी असेल असं वाटतं. खरं तर कव्हर तिथून आत खेचलेलं असतं. शेवटी वाफ मारून चुण्या घालवतात. मग सीट गाडीच्या कारखान्याकडे निघते, आणि तेही जोडणीच्या रांगेत ज्या क्रमाने गाड्या येतात त्याच क्रमाने. सीट साठवायला फार जागा लागते, म्हणून चाकणसारख्या ठिकाणी सीटवाले गाडीवाल्यांच्या शेजारीच असतात.

कातड्याची गोष्ट आणखी निराळी. एक पूर्ण कातडं साधारण ४५ ते ५० चौरस फूट भरतं, पण एकसारखं कुठेच नसतं. पाठीकडचा भाग घट्ट, पोटाकडचा सैल आणि ताणणारा. गोचीड चावल्याचे ठिपके, काट्याचे ओरखडे, तारेच्या कुंपणाचा व्रण, हे सगळं जनावराने जगताना गोळा केलेलं असतं. अनुभवी माणूस दिव्याखाली कातडं पसरून प्रत्येक दोषाभोवती खडूने गोल काढतो आणि मग तुकडे मांडतो: नजरेसमोर येणारे पाठीतून, सीटमागे लपणारे कडेतून. मांडणी चुकली तर महागडं कातडं वाया जातं. सैल भागातला तुकडा बसण्याच्या जागी गेला, तर काही वर्षांत तिथे पाणी साठेल असा खळगा पडतो. या कामात चांगला नजरबाज मिळणं नशिबाचं असतं.

दिसण्याचीही एक परंपरा आहे. १९७६च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयच्या सीटवरचं चौकड्यांचं कापड गुनहिल्ड लिलयेक्विस्ट या बाईंनी निवडलं. गिअरवरची गोल्फच्या चेंडूची मूठही त्यांचीच कल्पना. इंजिनाचे आकडे विसरलेले लोकही ते कापड ओळखतात. १९७०मध्ये जपानच्या तोरे कंपनीतले मियोशी ओकामोतो यांनी अतिसूक्ष्म धाग्यांपासून मखमली पोताचं एक कापड बनवलं. अल्कँटारा या नावाने ते इटलीत तयार होऊ लागलं आणि वेगवान गाड्यांच्या सीटवर जाऊन बसलं. आपल्याकडे मात्र बरीच वर्षं फिक्या बदामी रंगाचा आग्रह राहिला. शोरूमच्या दिव्यांत तो प्रशस्त दिसतो, म्हणून. धूळ, पावसाळी चिखल, डोक्याचं तेल आणि नव्या जीन्सचा निळा रंग यांच्यापुढे तो टिकत नाही, आणि मग मालक पहिल्याच आठवड्यात वरून दुसरं कव्हर चढवतो. डिझाइनरने इथली माणसं आणि इथली हवा नीट पाहिली असती, तर बरीच कव्हरं विकलीच गेली नसती.

टिकाऊपणाच्या चाचण्या कापडाला छळतातच. हजारो वेळा घासतात, प्रखर दिव्याखाली रंग उडतो का ते पाहतात, ओल्या आणि कोरड्या फडक्याने चोळतात. जळण्याची चाचणी तर कायद्यातच आहे. अमेरिकेने १९७२पासून गाडीच्या आतल्या साहित्यासाठी मिनिटाला १०२ मिलिमीटर ही जळण्याच्या वेगाची कमाल मर्यादा घातली. भारतातही अशी मर्यादा आहे.

अपघाताच्या क्षणी सीट काय करते, हे मात्र फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. मागून धडक बसली की धड पुढे ढकललं जातं आणि डोकं मागेच राहतं. त्या झटक्यातून मान वाचवायची म्हणून अमेरिकेत १९६९पासून पुढच्या सीटला डोक्याचा आधार सक्तीचा झाला. १९९७मध्ये साबने पाठीच्या दाबासरशी स्वतः पुढे येणारा आधार आणला आणि पुढच्याच वर्षी व्होल्वोने पाठ मागे झुकवून धक्का जिरवणारी सीट आणली. मागच्या सीटच्या पाठीलाही परीक्षा असते. युरोपीय नियमानुसार डिकीत १८ किलोचे दोन ठोकळे ठेवून ताशी ५० किलोमीटरच्या धडकेइतका झटका देतात, आणि पाठीने ते प्रवाशांच्या अंगावर येऊ द्यायचे नसतात.

आणि मग ती टीप. १९९४मध्ये व्होल्वोने ८५० या गाडीत बाजूची एअरबॅग आणली आणि ती सीटमध्येच बसवली. बाजूच्या धडकेत दार आणि माणूस यांच्यात वीतभर अंतर असतं, म्हणून ती पिशवी १० ते २० मिलीसेकंदांत फुगून मधे यावी लागते. पापणी लवायलाही त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. एवढ्या वेळात तिने कव्हर फाडून बाहेर कसं यायचं? त्यासाठी पाठीच्या दाराकडच्या कडेला एक खास टीप घालतात. बाकीच्या सगळ्या टिपा वर्षानुवर्षं टिकाव्यात म्हणून घातलेल्या, ही एकटी वेळ आली की उसवावी म्हणून. रोजच्या चढ-उताराने ती सुटता कामा नये, आणि पिशवीचा जोर लागला की क्षणाचाही विलंब न करता तिथेच, त्याच दिशेने फाटली पाहिजे. तिचा दोरा ठरलेला, टाक्याची लांबी ठरलेली. मशीन तिचा ताण नोंदवून ठेवतं आणि कव्हरवरचा बारकोड त्या नोंदीशी जोडतं, म्हणजे कुठली शिवण कधी आणि कशी घातली गेली ते वर्षांनंतरही शोधता येतं. टीप अर्ध्यात तुटली तर गाठ मारून पुढे शिवायची मुभा नाही. ते कव्हर बादच. तयार सीट कडाक्याच्या थंडीत आणि तळपत्या उष्णतेत ठेवून एअरबॅग उडवून पाहतात. शिवणकामाच्या इतिहासात उसवण्यासाठी एवढ्या काळजीने घातलेली दुसरी शिवण असेल असं वाटत नाही.

म्हणूनच बाजारात जे चाललं आहे ते बघून जीव कळवळतो. सहा एअरबॅगच्या गाड्या आता मध्यमवर्गाच्या दारात आल्या आहेत. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२३मध्ये भारतातल्या आपल्या सगळ्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग देण्याचं जाहीर केलं. अशा गाड्यांच्या सीटवर दुसऱ्याच दिवशी जाड रेक्झिनचं, चारी बाजूंनी बंद कव्हर चढतं. उसवायची टीप आत गाडली जाते आणि पिशवीपुढे न उसवणारी भिंत उभी राहते. पुण्याच्या नाना पेठेतल्या किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या कारागिराच्या हातात कसब भरपूर आहे. त्याला ही टीप कुणीतरी दाखवायला हवी, आणि ते काम सर्वांत आधी गाड्या विकणाऱ्यांचं आहे. मागच्या सीटवर आणखी एक प्रकार दिसतो: कव्हरखाली दाबून टाकलेली बेल्टची बकलं. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले. त्या गाडीत मागे बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावला नव्हता असं पोलीस तपासात पुढे आलं. त्या बातमीनंतरही कित्येक घरांतल्या गाड्यांची बकलं कव्हरखालीच आहेत.

वाचकांना विनंती एवढीच. नवं कव्हर घेण्याआधी पुढच्या सीटच्या दाराकडच्या कडेला 'एअरबॅग' असं लिहिलेली छोटी पट्टी शिवलेली आहे का ते बघा. असेल तर पाठीची ती कड झाकू नका. कव्हर हवंच असेल तर गाडी बनवणाऱ्या कंपनीने तुमच्याच मॉडेलसाठी मंजूर केलेलं घ्या. आणि मागच्या सीटचं कव्हर उचलून बकलं आजच वर काढा.