मद्याचा मनोरा

गावच्या भट्टीने आजोबांची औंढ्याजवळची शेती गिळली. म्हणून बिअरच्या कारखान्याचे कौतुक करावयास माझी लेखणी सहजी धजत नाही. तरीही ऑक्सफर्डशायरमधील हूक नॉर्टन गावी पाहिलेली, १९०० च्या सुमाराची ती उंच वास्तू मनातून हलत नाही.

विल्यम ब्रॅडफर्ड या वास्तुशिल्पज्ञाने तिला उंची दिली ती डौलासाठी नव्हे. आमच्या हिंगोलीकडे ज्वारी पेवात, जमिनीखाली उतरे. इथे धान्य आभाळाकडे चढते! २००६ पर्यंत वाफेच्या यंत्राने पाणी आणि मोड आणून वाळवलेले जव एकदा माथ्यावर नेले, की भरडणे, भिजवणे, उकळणे, आंबवणे असे करीत सारे आपल्याच भाराने मजल्यामजल्याने खाली येई. उकळलेला रस उथळ हौदात निवावा, म्हणून वरच्या भिंतींना लाकडी झडपा. त्यांतून वारा खेळे.

एवढ्यावर काम भागले असते. परंतु ब्रॅडफर्डने दगड, वीट, लाकूड यांचा मेळ घातला, छपरावर लोखंडी नक्षी चढविली. गवंड्यासुतारांच्या हाताला हा मान मद्याच्या पैशाने मिळाला, ही बोच मला आहे. आजोबांच्या शेताच्या पैशातून कोणाचा वाडा उठला, ते आजीने कधी सांगितले नाही.