कागदावरचे चाळीस

निकाल लागला की विभागाच्या दारात मुलं घुटमळू लागतात. तक्रार बहुधा एकच असते: इंटर्नलला एवढे गुण असून ग्रेड खाली कशी आली? मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यात परीक्षा समितीवर, म्हणून ही मुलं माझ्याकडे पाठवली जातात. त्यांच्या हातातल्या गुणपत्रिकेत उत्तर सापडत नाही. त्यासाठी अख्ख्या वर्गाच्या गुणांचा तक्ता समोर घ्यावा लागतो.

आराखडा सोपा आहे. पुष्कळ ठिकाणी १०० पैकी ४० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि ६० सत्राअखेरच्या लेखी परीक्षेचे. चाळिसात चाचणी, असाइनमेंट, प्रेझेंटेशन, कधी हजेरीसुद्धा. दोन्हीकडे पासिंग वेगळं. ४० टक्क्यांच्या हिशेबाने १६ आणि २४. हे वाचून कुणालाही वाटेल, की सत्रभराच्या कामाला निकालात चाळीस टक्के वजन आहे.

ते कागदावर. घटक किती गुणांचा आहे यावर त्याचं खरं वजन ठरत नाही. त्या घटकात मुलं एकमेकांपासून किती लांब पसरली आहेत, यावर ठरतं. समजा, इंटर्नलला सगळा वर्ग ३४ ते ३८ मध्ये बसला. वेळेवर सबमिशन करणारी मुलगी आणि आदल्या रात्री जर्नल उतरवून काढणारा मुलगा यांच्यात फार तर चार गुणांचं अंतर. लेखीत तीच मुलं २४ पासून ५२ पर्यंत पसरली, म्हणजे अंतर २८ गुणांचं. मग वर्गात पुढे कोण आणि मागे कोण, हे जवळजवळ एकट्या लेखी पेपरने ठरवलं. सगळ्यांना सरसकट ३६ देऊन टाकले असते, तरी क्रम फारसा हलला नसता. (नेमकं बोलायचं तर विस्तारापेक्षा प्रमाण विचलन बघायला हवं, आणि दोन घटकांतला सहसंबंधही. ढोबळ अंदाजाला एवढं पुरतं.)

म्हणजे ते चाळीस गुण निरुपयोगी ठरतात का? नाही, ते दुसरंच काम करतात. इंटर्नलला ३६ असलेला मुलगा लेखीत कसाबसा २४ ला पास झाला, की बेरीज ६० होते. पेपरात काठावर आणि निकालात पहिला वर्ग! मुलांची पारख करण्यासाठी म्हणून आणलेला घटक सगळ्यांना एकदम वर उचलतो, आणि कुणी अधिक काम केलं ते मात्र सांगत नाही.

शिक्षकांना यासाठी झोडपणं सोपं आहे. पण रोज समोर बसणाऱ्या मुलाला २२ देऊन दुसऱ्या दिवशी त्याच्याच वर्गावर जायचं असतं. शेजारच्या कॉलेजात ३८ वाटले जात असतील, तर आपल्याच मुलांनी का मागे राहावं, हा प्रश्नही खोटा नाही. माझं म्हणणं एवढंच, की गुण भरायच्या आधी रुब्रिक ठरलेलं असावं आणि ते मुलांना सत्राच्या सुरुवातीलाच कळलेलं असावं. मग २२ देताना हात थरथरत नाही. सीईटीत पेपर वेगवेगळ्या सत्रांत होतो म्हणून आपण पर्सेंटाइल काढतो. कॉलेजात चार तुकड्यांना चार जण गुण देतात, तिथे मात्र ते गुण जसेच्या तसे एका यादीत चढतात.

बेरजेनंतर ग्रेड. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या सुमारास दहा अंकी श्रेणी सुचवली: ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, असं उतरत नापासाला शून्य. प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचा, बेरीज करायची, एकूण क्रेडिटने भागायचं; झाला एसजीपीए. चार क्रेडिटचा विषय दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलच्या दुप्पट ओढतो, हे मुलं पहिल्या सत्रात विसरतात आणि दुसऱ्यात शिकतात.

गंमत पुढे आहे. समजा ८० पासून ‘ओ’ आणि ७० पासून ‘ए प्लस’. सारख्या क्रेडिटचे पाच विषय. एकीला पाचांत प्रत्येकी ७९, बेरीज ३९५, एसजीपीए ९. दुसऱ्याला तीन विषयांत ८० आणि दोन विषयांत ७०, बेरीज ३८०, एसजीपीए ९.६. पंधरा गुण कमी मिळवून तो पुढे! इतकं टोकाचं उदाहरण फळ्यावरच सापडतं, पण लहान प्रमाणात हे प्रत्येक निकालात घडतं. एका गुणाच्या रीव्हॅलसाठी मुलं अर्ज का भरतात, ते यावरून कळावं.

एवढा खटाटोप करून टक्केवारीतून बाहेर पडलेला आकडा नोकरीच्या अर्जात पुन्हा टक्क्यांत मागितला जातो. समजा सगळ्या सत्रांचा मिळून निघालेला सीजीपीए ६.७५ आहे. एआयसीटीईच्या तक्त्याप्रमाणे ते ६० टक्के. सीबीएसईने दहावीसाठी वापरलेल्या ९.५ च्या गुणकाने ६४.१ आणि नुसतं दहाने गुणलं तर ६७.५. मुलं अर्थातच तिसरं लिहायला बघतात. मी त्यांना आपल्या विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र शोधायला लावतो आणि अर्जात टक्केवारीशेजारी ते सूत्रही लिहायला सांगतो, कारण कागदपत्रं तपासणारा माणूस तेच विचारतो.