पाणी जातं कुठं?

माती तपासायला आलेला शेतकरी पिशवी टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "साहेब, कोणतं खत टाकू?" मी उलट विचारतो: रान कालव्याच्या वर की खाली? उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती फुटांवर? ऊस किती वर्षं सलग? ओढा वाहतो का? मातीचा सामू (pH) यंत्रावर लगेच कळतो. तो इतका का चढला, हे या उत्तरांवाचून उमगत नाही.

हे प्रश्न जुनेच आहेत. नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास सुरू झाला. दुष्काळी मुलखात पाणी खेळलं, ऊस उभा राहिला, आणि पुढं चांगली काळी रानं पांढरी पडू लागली. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका काढली. पाणी ही सुबत्ताच, असं सगळे धरून चालले असताना त्या पाण्याखालची जमीन बिघडते का, हे तपासायला धाडस लागतं. १९१६ साली मुंबई इलाख्यानं सिंचनासाठी खास विभाग काढला. खडकवासल्याचं जलसंशोधन केंद्र त्यातूनच वाढलं.

इंदापूर तालुक्यातल्या एका बाईंनी मला विचारलं होतं, "वरच्या वावरात पाणी सोडलं की माझ्याच रानात पांढरं का फुटतं?" इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला असेल. आम्ही खड्डा घेतला. कंबरेइतकं खोल जायच्या आतच तळाशी पाणी झिरपू लागलं. खड्ड्याच्या कडेला ॲसिडचा थेंब टाकला, माती फसफसली. म्हणजे चुनखडी होती. खालचा ओढा गाळानं बुजलेला. पाणी जमिनीतून वर चढायचं, उन्हानं उडून जायचं, क्षार मागं राहायचे. जमीन खारवट होती, चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेली, नव्हती, त्यामुळं जिप्समचा खर्च वाया गेला असता. चोपण जमिनीत जिप्सम सोडियम सोडवतं, चुनखडी असली तर गंधकही चालतं. पण सुटलेला सोडियम वाहून न्यायला तिथंही चर हवाच. बाईंच्या रानाला हवा होता तो निचरा, आणि ओढा मोकळा करायला शेजाऱ्यांची साथ.

तुमचं रान पांढरं पडत असेल तर नुसता वरचा थर खरवडून आणू नका. एक, दोन आणि तीन फुटांवरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत आणा, विहिरीचं पाणी बाटलीत आणा, आणि येण्याआधी ओढ्यापर्यंत एकदा चालत जाऊन या.