पैशाची तारीख

पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत पैशाला तारीख असते. हातात किती आले याच्याइतकंच ते कधी आले, यावर इथला महिना ठरतो. कंपनीचं पेमेंट सातला, नाहीतर दहाला. ठेकेदाराकडचं बाराला, कधी पंधराला. खोलीभाडं पाचला द्यायचं. मोटारसायकलचा हप्ता तीनला खात्यातून परस्पर जातो, आणि खात्यात शिल्लक नसली तर बँक वरून दंड लावते. गटाच्या कर्जाचा हप्ता दर मंगळवारी, भिशी दहाला. मोरे वस्तीपासून नेवाळे वस्तीपर्यंत कुठल्याही चाळीत विचारा, माणूस एक वेळ लग्नाची तारीख विसरेल, हप्त्याची विसरणार नाही.

माझं किराणा दुकान आहे, त्यामुळं हा महिना मला गल्ल्यामागून दिसतो. गिऱ्हाईक बहुतेक भाडेकरू. लातूर, बीड, नांदेड, धाराशिव, बुलढाणा. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीहून निघून या चिखलीत आलेलेही आहेत. गावाकडून फोन आला की ‘चिखलीतच आहे’ म्हणतात आणि मग पुढं खुलासा करत बसतात. पेमेंट झालं की पहिल्या आठवड्यात तेलाचा पाच लिटरचा कॅन जातो, साखर पाच किलो जाते. पंधरा-सोळाला तेच घर एक लिटरची पिशवी नेतं. बावीसच्या पुढं अर्धा लिटर, दहाची चहापत्ती, पाचचं जिरं. मग वही निघते. ‘शेठ, लिहून ठेवा, पेमेंट झालं की देते.’ सुटं घेतलं की महाग पडतं, हे त्या बाईला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण स्वस्तात घ्यायला एकदम रक्कम हातात लागते. जिच्याकडं कमी पैसे, तिला तेच तेल जास्त भावानं घ्यावं लागतं. हा हिशोब अर्थशास्त्राच्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते मला ठाऊक नाही, माझ्या वहीत तो दर महिन्याला असतो.

आता ज्यांच्या पैशाला तारीखच नसते त्यांच्याकडं वळू. २०२४ च्या विधानसभेत निवडून आलेल्यांपैकी २८६ जणांची शपथपत्रं एडीआर या संस्थेनं तपासली. त्यात २७७ कोट्यधीश निघाले. सरासरी मालमत्ता ४३ कोटींच्या वर. २०१९ मध्ये हीच सरासरी २२ कोटींच्या घरात होती. सरासरी फसवी असते हे दुकानदाराला सांगायला नको. घाटकोपर पूर्वच्या पराग शाह यांनी एकट्यानं ३,३८३ कोटी जाहीर केले होते. त्यांना बाजूला काढून मी पुन्हा भागाकार केला, तरी आकडा ३१ कोटींच्या वरच राहिला. पैसा असणं हा गुन्हा नाही, आणि ही माहिती आपल्याला मिळते तीही सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली उमेदवारांवर शपथपत्राची सक्ती केली म्हणून. पण ज्या सभागृहात शंभरातले सत्त्याण्णव कोट्यधीश आहेत, तिथं बावीस तारीख कुणाच्या लक्षात असणार?

श्रीमंत पुढारी लोकांपासून तुटलेले असतात, असं लिहायची पद्धत आहे. आमच्याकडं ते तितकंसं खरं नाही. १९९७ साली चिखली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. गावकीकडं जमीन होती, शहर जमिनीपर्यंत आलं, जमिनीचं सोनं झालं आणि सत्ताही त्याच वाटेनं आली. पण हे लोक बंगल्यात दडून बसत नाहीत. दशक्रियेला ते घाटावर असतात, हळदी-कुंकवाला वाण वाटतात, सप्त्याला पंगत देतात, दवाखान्यात बिल अडलं तर फोन करतात. रात्री अकराला फोन उचलणारे नगरसेवक मी पाहिलेत. मग त्यांना काय कळत नाही? त्यांना आमची लग्नं माहीत असतात, मयती माहीत असतात, आजारपणं माहीत असतात. कारण त्या वेळी आपण त्यांच्याकडं जातो. पण बावीस तारखेला तेल संपलं म्हणून कुणी पुढाऱ्याला फोन करत नाही. तो फोन दुकानात येतो. त्यामुळं पुढाऱ्याला आपलं संकट दिसतं, आपला महिना दिसत नाही. आणि संकट नसलेला साधा महिना हाच तर इथला खरा प्रश्न आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. शेतकरी चिडले, लिलाव बंद पडले. त्यावर बोलताना तेव्हाचे मंत्री दादा भुसे म्हणाले, की दहा लाखांची गाडी वापरणाऱ्यानं दहा-वीस रुपये जास्त देऊन माल घ्यायला हरकत नाही, आणि ज्याला परवडत नाही त्यानं दोन-चार महिने कांदा नाही खाल्ला तर काही बिघडत नाही. भुसे मालेगावकडचे, कांद्याच्या पट्ट्यातले. शेतकऱ्याला भाव मिळावा हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून, हमाली-तोलाई-भाडं वजा जाता, दोन रुपयांचा चेक मिळाला होता. त्याच्या बाजूनं कुणी मंत्री बोलला तर मी टाळ्याच वाजवीन.

घोळ गाडीच्या उदाहरणात आहे. माझ्या दुकानापासून चाकण जवळ. चाकणचा कांदाबाजार जुना आणि नावाजलेला, आणि चाकणच्या एमआयडीसीत महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज असे गाड्यांचे कारखाने. म्हणजे मंत्र्यांच्या वाक्यातला कांदा आणि गाडी, दोन्ही एकाच गावात. त्या दहा लाखांच्या गाडीचा दरवाजा ज्याच्या हातून बसतो, तो कंपनीच्या बसनं येतो-जातो आणि कांदा माझ्याकडून अर्धा किलो नेतो. तो गाडीवाल्यांत बसत नाही, आणि ‘परवडत नाही’ म्हणून कांदा सोडणाऱ्यांतही त्याला जायचं नसतं. भाव वाढला की तो कांदा बंद करत नाही; कांद्याचे पैसे दुसरीकडून काढतो. मुलाच्या शिकवणीची फी पुढच्या महिन्यावर ढकलतो, नाहीतर माझी उधारी. पिकवणारा आणि खाणारा या दोन अडलेल्या माणसांना मंत्री एकमेकांसमोर उभे करतात, आणि मधली अडत, शुल्क, धोरण नामानिराळं राहतं. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत कांद्यावर चर्चा चालू असताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी, आपण कांदा-लसूण फारसा खात नाही, असं सांगितलं होतं. ते खरंही असेल. पण प्रश्न त्यांच्या ताटाचा नव्हता.

ताटाच्या किमतीवर पुढारी बोलले की काहीतरी विचित्रच ऐकायला मिळतं. १९९५ मध्ये महाराष्ट्रात एक रुपयात झुणका-भाकर आली. जुलै २०१३ मध्ये काँग्रेसचे राज बब्बर यांनी मुंबईत बारा रुपयांत पोटभर जेवता येतं असं सांगितलं. त्याच सुमारास नियोजन आयोगानं तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं दारिद्र्यरेषा काढली होती : शहरात माणशी महिना १,००० रुपये, म्हणजे दिवसाला तेहतीस. बब्बर यांचं गणित त्या रेषेला टेकू द्यायला होतं. मग २०२० च्या प्रजासत्ताक दिनी राज्यानं दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली. तिची सरकारी किंमत शहरात पन्नास रुपये धरली होती, दहा गिऱ्हाइकाचे आणि चाळीस सरकारचे. म्हणजे भाषणात ताट बारा रुपयांचं आणि सरकारला बिल द्यायची वेळ आली की पन्नासचं. मधली सात वर्षं धरली तरी हा फरक महागाईचा नाही. ज्याला बिल द्यावं लागतं त्याला भाव कळतो, एवढंच.

गंमत म्हणजे गरिबीची मोजदाद हे खास आपल्याकडचं काम. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेत बसून १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. सुरेश तेंडुलकर तर नावावरूनच आपले. त्यांच्या रेषांवर वाद घाला, घालायलाच हवा, पण त्यांनी धान्याचे भाव आणि कुटुंबांचे खर्च तपासून आकडे काढले होते. ऑगस्ट १९६३ मध्ये लोहियांनी लोकसभेत देशातली मोठी जनता रोज तीन आण्यांवर जगते असं सांगून नेहरूंना धारेवर धरलं. सरकार म्हणालं, पंधरा आणे. तीन की पंधरा हे बाजूला ठेवा. पंतप्रधानांच्या उपस्थितीत सभागृह आण्यांवर भांडलं, याचंच मला अप्रूप वाटतं. आता भांडणं कोटींची असतात.

पुढाऱ्याला आपला महिना दिसत नाही, याचा आमच्या भागातला मोठा दाखला शास्तीकराचा. कामगारांनी अर्धा गुंठा, एक गुंठा घेऊन पै-पै जमवून घरं बांधली. कागद अपुरे, परवानगी नाही, बांधकाम अनधिकृत. ४ जानेवारी २००८ नंतरच्या अशा बांधकामांवर मालमत्ताकराच्या दुप्पट शास्ती लागली. म्हणजे ज्याचा कर तीन हजार, त्याच्यावर आणखी सहा हजार, दर वर्षी. बेकायदा बांधकामाला आळा घालायचा हेतू योग्य होता. पण प्लॉट पाडणारा तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला होता, दंड राहणाऱ्यावर बसला. प्रत्येक निवडणुकीत माफीचं आश्वासन मिळालं, मधे छोट्या घरांना थोडी सूट मिळाली आणि संपूर्ण माफीचा शासननिर्णय आला मार्च २०२३ मध्ये, तोही मूळ कर पूर्ण भरण्याच्या अटीवर. पंधरा वर्षं! एखाद्या माफीची घोषणा पुढाऱ्यासाठी फलकावरची एक ओळ असते. खाली राहणाऱ्याला पंधरा वर्षं घर विकता आलं नाही, कर्ज मिळालं नाही आणि दर वर्षी थकबाकीचा आकडा वाढलेला दिसला.

श्रीमंताला गरिबाचा हिशोब कळूच शकत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. इथून इंद्रायणीच्या काठानं वर गेलं की देहू. तुकोबांचं घर वाण्याचं, बाजाराची महाजनकी असलेलं, सावकारी करणारं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात ते घर बसलं, दिवाळं निघालं, पहिली बायको आणि मुलगा गेले. पुढं कर्जखतांच्या वाटण्या झाल्या, भावाचा वाटा भावाला दिला आणि स्वतःच्या वाट्याची खतं तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा सांगते. आमच्या चिखलीचे मल्हारपंत कुलकर्णी त्यांच्या चौदा टाळकऱ्यांत गणले जातात. कुलकर्णी म्हणजे गावचं दफ्तर ठेवणारा माणूस. कुणाकडं किती बाकी, हे त्याला तोंडपाठ. मला या गोष्टीतला त्याग फार पुढं करावासा वाटत नाही. दुकानदार म्हणून मला एवढंच दिसतं की त्या माणसानं वहीच्या दोन्ही बाजू भोगल्या होत्या, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. (मी माझी वही बुडवणार नाही, गिऱ्हाइकांनी गैरसमज करून घेऊ नये.)

साध्या पुढाऱ्यांचीही पूजा मला नको. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि एसटीनं फिरले, याचा मला आदर आहे. पण सगळ्यांनी एसटीनं फिरावं असा माझा हट्ट नाही. मोठ्या गाडीतून फिरा, फक्त लोकांचा पैसा ज्या तारखांवर चालतो त्या तारखा धोरणात धरा. आज काय होतं? एक टर्म आमदार राहिलेल्याला महिना ५०,००० रुपये पेन्शन. कारखान्यात आयुष्य घालवलेल्या कामगाराला ईपीएस-९५ या पेन्शन योजनेत किमान १,००० रुपये, सप्टेंबर २०१४ पासून. आणि व्यवसायकर? फेब्रुवारीत तीनशे, बाकी महिने दोनशे, वर्षाचे २,५००. पंधरा हजारांच्या हेल्परचे तेवढेच आणि पाच लाख पगाराच्या मॅनेजरचेही तेवढेच, कारण राज्यघटनेत कमाल मर्यादाच २,५०० आहे. हे कुणी मुद्दाम क्रूरपणे केलेलं नाही. दोनशे रुपये कुणाला जाणवतात याचा विचार करायची कुणाला वेळच आली नाही.

लाडक्या बहिणीच्या दीड हजारावर शहरातले शिकलेले लोक नाक मुरडतात. त्यांनी माझ्या दुकानात एक दिवस बसावं. त्या पैशातून माझ्या वहीतली कितीतरी पानं मोकळी झाली आहेत. पण बायका दुकानात येऊन मला विचारतात, ‘शेठ, आले का हो पैसे कुणाचे?’ कारण ते कधी येतील हे ठरलेलं नसतं. या महिन्याचे पुढच्या महिन्यात येतात, कधी सणाच्या तोंडावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये मात्र, विधानसभेच्या आचारसंहितेआधी, नोव्हेंबरचा हप्ता आगाऊच आला होता. म्हणजे यंत्रणेला तारीख पाळता येते, मनात आलं तर तारखेच्या आधीही पोचता येतं. निवडणुकीत २,१०० चं आश्वासन दिलं गेलं. ते होईल तेव्हा होईल.

इंग्रजांच्या काळात, १९३६ साली, या देशात वेतन देण्याचा कायदा झाला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत, जास्त असतील तर दहाच्या आत पगार द्यायचा, असा त्यात नियम होता. चिखलीचा सगळा महिना अजून त्याच सात-दहावर चालतो. माझं आमदार-खासदारांना आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या आमच्या नगरसेवकांना एकच मागणं आहे. दीड हजाराचे एकवीसशे करायचे की नाही यावर खुशाल भांडा, पण आधी जे काही देणार ते महिन्याच्या कोणत्या तारखेला खात्यात पडणार, हे शासननिर्णयात लिहून घ्या, आणि चुकलं तर कंपनीला लागतो तसा दंड सरकारलाही लावा. तारीख शक्यतो वीसच्या आसपासची धरा.