एकतर्फी ओळख

फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटोपून क्रिकेटपटू शार्दूल ठाकूर मुंबईला उतरला आणि विमानतळावरून थेट अंधेरी स्टेशनवर गेला. तिथून पालघरपर्यंत लोकल. येताना विमानाचा बिझनेस क्लास, घरी जाताना गाडीचा फर्स्ट क्लास. ही हकीकत पुढे त्यानेच सांगितली.

त्या डब्यात मी नव्हते. पण डहाणूकडे जाणारी गाडी मला ठाऊक आहे. बोरिवलीला जागेवरून एक तरी वाद, विरारला अर्धा डबा रिकामा, आणि वैतरणेचा पूल आला की खिडकीशी बसलेल्याच्या वाट्याला तेवढी हवा. अशा डब्यात कालपरवा टीव्हीवर पाहिलेला माणूस समोर येऊन बसला की लोक आधी त्याच्याकडे बघतात, मग एकमेकांकडे. ‘तोच का रे?’ ‘छे, तो कशाला येतोय लोकलने?’ त्या दिवशीही असंच झालं असणार. कॉलेजच्या काही पोरांनी फोनवर त्याचा फोटो शोधून चेहऱ्याशी ताडून पाहिला, खात्री पटल्यावर सेल्फी मागितला. डब्यातल्या काही जुन्या मंडळींना मात्र काही शोधावं लागलं नाही. वर्षानुवर्षं आपल्याच गाडीने ये-जा करणारा पालघरचा मुलगा त्यांना आठवत होता. पोरांना खेळाडू भेटला, यांना मुलगा पुन्हा दिसला. मला विचाराल तर त्या डब्यातली खरी हेवा करण्यासारखी माणसं ही दुसरी.

कारण चाहत्याची ओळख एरवी एकतर्फीच असते. खेळाडूची सरासरी आपल्याला पाठ, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं ते पाठ, कोणत्या कर्णधाराशी त्याचं जमलं नाही तेही पाठ. त्याला आपलं नाव सुद्धा माहीत नसतं. अशी दोन माणसं एखाद्या लिफ्टमध्ये समोरासमोर येतात. एकाकडे पंचवीस वर्षांचं साठलेलं बोलणं, दुसऱ्याला फक्त चौथा मजला हवा असतो. मग त्या साठ्यातून बाहेर काय पडतं, तर ‘सर, मी तुमचा फार मोठा फॅन आहे.’ यावर सर बिचारे काय म्हणणार? ‘थँक यू.’ लिफ्ट थांबते. आयुष्यभर सांगायचा प्रसंग आठ सेकंदांत उरकलेला असतो.

मुंबईत एके काळी हे इतकं अवघड नव्हतं, त्याचं साधं कारण म्हणजे खेळाडू नोकरीला जायचे. अजित वाडेकरांनी १९७१ मध्ये आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकून दिली, तेव्हाही ते स्टेट बँकेतच होते. गावसकर निरलॉनमध्ये. टाइम्स शील्डच्या सामन्यांत कंपन्या एकमेकींविरुद्ध उतरायच्या आणि कारकुनांना आपल्याच हजेरीपटावरचा कसोटीवीर आपल्यासाठी खेळताना दिसायचा. त्यातून कांगा लीग होती, अजूनही आहे. डॉ. एच. डी. कांगांच्या स्मरणार्थ १९४८ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात खेळतात. ओली खेळपट्टी, घोट्याच्या वर गेलेलं गवत, त्यात अडकून जागच्या जागी मरणारा चौकार. आझाद मैदानावर सामने इतके दाटीवाटीने की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातल्या क्षेत्ररक्षकाला पाठ लावून उभा. तिकीट नाही, जाळी नाही. ऑफिसला जाता जाता छत्री खांद्याला लावून कोणीही थांबावं, दोन षटकं बघावीत. समोर चिखलात पाय घट्ट रोवून खेळणारा फलंदाज कदाचित गेल्या महिन्यात लॉर्ड्सवर खेळून आलेला असायचा.

आणि कसोटीवीर एकनाथ सोलकर तर पी. जे. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा. तिथल्याच एका खोलीत वाढला. मोठे खेळाडू त्याला कुठे योगायोगाने भेटले नाहीत. ते त्याच्या दारात खेळायला येत.

अशा शहरात वागण्याची एक रीत आपोआप पडते. शिवाजी पार्कला संध्याकाळी फेऱ्या मारताना समोरून कोण येतंय ते कट्ट्यावरच्या प्रत्येकाला दिसतं. पण कोणी उठत नाही, हात पुढे करत नाही. बोलणं अर्ध्यावर थांबतं, माणूस पुढे गेला की तिथूनच सुरू होतं, फार तर एखादा हळूच म्हणतो, ‘वजन वाढलंय रे.’ याला कोणी दादरकरांचा शिष्टपणा म्हणेल. मला तो शेजारधर्म वाटतो. (अर्थात दादरकर शिष्ट असतातच, ती गोष्ट वेगळी.)

या शेजारधर्माची माझी परीक्षा औषधाच्या दुकानात झाली. रविवारची सकाळ, दुकानात गर्दी, आणि माझ्यापुढे एक कसोटीवीर. फिरकी गोलंदाज, आता सत्तरी ओलांडलेले. त्यांचं नाव सांगत नाही. सांगितलं तर वाचणारा त्यांचे आकडे शोधायला जाईल, आणि पुढे मी जे सांगणार आहे ते नावानिशी चार ठिकाणी होईल. हातात कापडी पिशवी, पायात साध्या चपला. दुकानदार म्हणत होता, ‘काका, पट्टी कापून नाही मिळणार.’ ते म्हणत होते, ‘अहो, पण मला दहाच हव्यात, पंधरा घेऊन काय करू?’ दुकानदार तरुण होता, त्याने त्यांना ओळखलं नव्हतं. मी ओळखलं होतं. माझ्या शाळेच्या वयात या माणसाने एका डावात किती बळी घेतले, कोणाचा झेल कोणी सोडला, हे मला घडाघडा म्हणता आलं असतं. ज्या उजव्या तर्जनीने ते चेंडूला पीळ द्यायचे, तीच तर्जनी गोळ्यांच्या चंदेरी पट्टीवरून फिरत एकेक फुगवटा मोजत होती. शेवटचं पेर किंचित वाकडं होतं. काउंटरवर डॉक्टरांची चिठ्ठी उघडी पडली होती आणि ती मला सहज वाचता येत होती.

त्यांना माझी नजर कळली. त्यांनी चिठ्ठी उलटी केली. रागावून नाही, पत्ते खेळताना शेजारचा डोकावला की आपण हातातली पानं छातीशी घेतो, तसं. मग बाजूला सरून दुकानदाराला म्हणाले, ‘यांचं आधी द्या, मला वेळ लागेल.’ गेली चाळीस वर्षं या माणसाला भेटले तर काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलेलं होतं. त्यांच्या तोंडाकडे बघत मी म्हणाले, ‘एक खोकल्याचं औषध द्या.’

त्यांच्या सरासरीवर माझा हक्क होता, असं मी धरून चालते. ती स्कोअरबोर्डावर लागली होती, पेपरात छापून आली होती. त्यांच्या रक्तदाबावर नव्हता. ही रेघ मैदानावर फार ठळक असते, दुकानात पुसट होते. आणि ती ओलांडणाऱ्यालाही इतिहासात कधीकधी जागा मिळते. जानेवारी १९६० मध्ये ब्रेबॉर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध वीस वर्षांचा अब्बास अली बेग अर्धशतक झळकावून चहापानाला परतत असताना प्रेक्षकांतून एक तरुणी धावत आली आणि तिने त्याच्या गालाचा मुका घेतला. सगळं स्टेडियम बघत होतं. समालोचनाला बसलेल्या विजय मर्चंटांनी, आमच्या वेळी या धीट मुली कुठे होत्या, अशा अर्थाची तक्रार तिथल्या तिथे नोंदवली. पुढे सलमान रश्दींच्या कादंबरीत या प्रसंगावर एक चित्रसुद्धा आलं. बेगने त्या कसोटीत ५० आणि ५८ धावा केल्या. त्यानंतर कसोटीत त्याला एकदाही पन्नाशी गाठता आली नाही. लोकांनी त्याचा दोष मुक्यावर ढकलला. ती मुलगी त्या दिवशी घरी काय म्हणाली, संध्याकाळी चाळीत, बंगल्यात, जिथे कुठे राहत असेल तिथे तिला काय ऐकून घ्यावं लागलं, हे शोधायला मला आवडेल. बेगच्या दोन्ही डावांची नोंद आहे, तिची नाही.

उलटही घडतं: माणूस रोज भेटतो आणि कोणी ओळखत नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले आणि पुढची पंचवीसेक वर्षं महाराष्ट्रात ज्यांनी ज्यांनी त्यांच्यापुढे तक्रार गुदरली, सही घेतली, सलाम ठोकला, त्यातल्या कितींना समोर कोण बसलंय ते कळलं असेल? १९८४ मध्ये ते अपघातात गेले. १९९६ मध्ये लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा ‘यापूर्वी कोण?’ म्हणून चव्वेचाळीस वर्षं मागे जावं लागलं.

पण एकतर्फी ओळख कधी कामाला येऊ शकते का? येते. कसोटीच्या निमित्ताने सचिन तेंडुलकर चेन्नईच्या हॉटेलात उतरला होता. तिथल्या एका कर्मचाऱ्याने भीतभीत विचारलं, तुमच्याशी क्रिकेटबद्दल थोडं बोलू का? आणि सांगितलं की तुम्ही कोपराला आर्मगार्ड लावता तेव्हा तुमच्या बॅटचा स्विंग बदलतो. सचिनला स्वतःला ते जाणवत होतं, पण दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते त्याने ऐकलं नव्हतं. त्याने गार्ड नव्याने बनवून घेतला. डिसेंबर २०१९ मध्ये त्याने ही हकीकत जाहीर सांगून त्या माणसाला भेटायची इच्छा व्यक्त केली, आणि तो माणूस सापडलाही.

मला या गोष्टीत त्या माणसाचं निरीक्षण मोठं वाटतंच, पण त्याहून त्याचं धाडस. ज्याला कोट्यवधी लोक देव म्हणत होते त्याच्यासमोर, हॉटेलच्या नोकरीवर असताना, ‘तुमचं इथे काहीतरी चुकतंय’ म्हणायचं. एक तक्रार वरपर्यंत गेली असती तर नोकरीवर आलं असतं. ऐकून घेणाऱ्यालाही अर्धे गुण द्यायला हवेत. आपल्याकडे चाहते पुष्कळ, पण इतकं नीट बघणारे थोडे. बाकीचे आम्ही चेंडू सीमेपार गेला की उड्या मारतो. हा कोपराकडे बघत बसला होता.

कधी मोठा माणूसच चाहता होऊन येतो. मे २०२२ मध्ये बंगळुरूच्या एका पुस्तकाच्या दुकानात गुंडप्पा विश्वनाथ आपल्या आत्मचरित्राबद्दल रामचंद्र गुहांशी बोलत होते. मागच्या रांगेत मास्क लावून एक माणूस गुपचूप येऊन बसला. राहुल द्रविड. तेव्हा तो भारतीय संघाचा प्रशिक्षक होता. पुढे बोलवा, खुर्ची द्या, असलं काही त्याला नको होतं. ज्याची फलंदाजी ऐकत-बघत त्याचं शहर मोठं झालं त्याचं बोलणं ऐकायचं होतं. शेजारी बसलेल्यांना कळेपर्यंत बराच वेळ गेला. मास्कचा इतका चांगला उपयोग कोविडच्या त्या दोन वर्षांत क्वचितच कोणी केला असेल.

सेल्फीबद्दल माझी तशी तक्रार नाही. एकच अडचण आहे, सेल्फी काढला की गोष्ट तिथेच संपते. तिला वाढायला जागा राहत नाही. आमच्या नात्यातल्या एका काकांकडे फोटो नाही, त्यामुळे त्यांची गोष्ट अजून वाढते आहे. मूळ हकीकत मी लहानपणी ऐकली ती अशी: कांगा लीगच्या सामन्यात चेंडू सीमेबाहेर काकांच्या पायाशी आला, त्यांनी तो उचलून फेकला, आणि क्षेत्ररक्षण करणारा त्या काळचा नामांकित सलामीवीर ‘थँक्स’ म्हणाला. एवढंच. काही वर्षांनी काकांचा थ्रो थेट यष्टिरक्षकाच्या ग्लोव्ह्जमध्ये जाऊ लागला. मग सलामीवीराने ‘कुठल्या क्लबकडून खेळतोस?’ असं विचारलं. त्यानंतर चहा आला, अर्धा-अर्धा. काकू एरवी स्वयंपाकघरातून ऐकत असतात. एका दिवाळीला फराळाची ताटं मांडताना त्यांनी विचारलं, ‘अहो, कांगा लीग म्हणजे ऐन पावसाळा. मग तुम्ही दोघं मैदानात उभं राहून चहा प्यायलात, तो पाणचट नाही झाला?’ काका चकलीचा तुकडा मोडत थोडा वेळ गप्प बसले. पुढच्या दिवाळीपासून गोष्टीत छत्री आली, आणि ती सलामीवीराने धरलेली आहे.