डब्यावरची चिठ्ठी

दिवाळीच्या आधी पितळेची भांडी माळ्यावरून काढायची आणि चिंचेनं लख्ख घासायची, हा आमच्या घरचा जुना रिवाज. आमचा भंडारा पितळेसाठीच नावाजलेला, तेव्हा भांड्यांना तोटा नाही. गेल्या दिवाळीत ती उन्हात मांडताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं आहे. कोणी दिलं, कोणाला दिलं, कोणत्या लग्नात दिलं, सगळं आहे. पण त्यात काय शिजवायचं, हे एकावरही लिहिलेलं नाही! ते आईला ठाऊक होतं आणि तिच्यामागे आमच्या सौभाग्यवतींना. ज्याला घर ठाऊक आहे त्याला चिठ्ठी कशाला लागते?

हा शोध मी मोठ्या थाटात पुतणीला ऐकवला. ती पुण्याहून दिवाळीला आली होती आणि ओसरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. ती हसली नाही. म्हणाली, “मोठे बाबा, मग माझ्या चिठ्ठ्या जरा वाचून द्या. माझ्या यंत्राला घर ठाऊक नाही.”

तिचं काम मला कळलं ते असं. शेतकऱ्यानं मराठीत विचारायचं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटानं उत्तर द्यायचं. पण आजचा भाव किंवा उद्याचा पाऊस त्या बुद्धीला कुठून कळणार? म्हणून तिच्या हाती काही अवजारं देतात. एक भाव आणतं, एक हवामान आणतं, एक जमिनीचा हिशेब करतं. गंमत अशी, की अवजाराच्या पोटात काय आहे ते एजंटाला दिसतच नाही. त्याला दिसतं नाव, त्याखालचं दोन-चार ओळींचं वर्णन आणि भरायचे रकाने. तेवढ्यावरून कोणतं उचलायचं ते त्यानं ठरवायचं. अशी अवजारं जोडण्याची ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची एक सामाईक रीत 2024 च्या नोव्हेंबरात जाहीर झाली. तीतही वर्णन लिहायचं ते तुमच्याआमच्या साध्या भाषेतच. म्हणजे काम अखेर मास्तराचंच! मी ऐटीत चष्मा लावला.

पहिल्याच दोन चिठ्ठ्यांशी अडलो. ‘भाव शोधा : भाताचे भाव देते.’ ‘भाव माहिती : भाताचा दर सांगते.’

“यांत फरक काय गं?”

“पहिलं बाजार समितीतला प्रत्यक्ष भाव आणतं. दुसरं हमीभाव सांगतं.”

2025-26 च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये होता. व्यापारी तो देईलच असं थोडंच आहे! तुमसरला आज काय चाललंय असं विचारणाऱ्याला यंत्रानं हमीभाव सांगितला, तर बिचारा ट्रॅक्टर भरून निघायचा.

“हे तुला माहीत आहे,” मी म्हटलं, “पण चिठ्ठीवर कुठं आहे? दोन्हींवर एकच तर लिहिलंय.”

आणि बोलता बोलता थांबलो. हे वाक्य माझं नव्हतं. मी ते पूर्वी ऐकलं होतं.

वीसेक वर्षं झाली असतील. गावाकडच्या शेतात पऱ्हे टाकलेले होते. पऱ्ह्यांवर कीड दिसली म्हणून औषध आणलं होतं. धुऱ्यावरचं गवत मारायला तणनाशकही आणलं होतं. दोन्ही मी सारख्याच डब्यांत ओतली आणि सुवाच्य अक्षरात दोन्हींवर चिठ्ठी डकवली : ‘फवारणीचे औषध’. उजवीकडचा डबा धुऱ्याचा, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं! सालगड्याला “पऱ्ह्यांवर औषध मार” एवढं सांगून मी शाळेला निघून गेलो. त्याला वाचता येत होतं. त्यानं चिठ्ठी वाचली आणि हाताला आला तो डबा घेतला.

आठवड्याभरात पऱ्हे पिवळे पडून करपले. चार माणसांदेखत मी त्याला नाही नाही ते बोललो. तो एवढंच म्हणाला, “दोन्ही डब्ब्याईवर एकच लिवलं होतं, गुरजी. मी कोनती घेवाची?” मुलांना निबंध शिकवणारा मी! मी म्हटलं, “वर तोंड करून बोलतोस?” पुढल्या साली तो दुसऱ्याकडे कामाला लागला. पऱ्हे जाळणारा, हे नाव मात्र त्याला गावात पुष्कळ वर्षं चिकटून राहिलं.

हे मी पुतणीला सांगितलं नाही. पण त्या दुपारी फराळाचं ताट बाजूला सारून आम्ही एकेक चिठ्ठी नव्यानं लिहिली. हमीभावाची अशी झाली : ‘केंद्र सरकारने ठरवलेला हमीभाव सांगते. बाजारात मिळणारा भाव हवा असल्यास हे वापरू नये. बाजारभावाचे अवजार वापरावे. भात, साळ असे विचारल्यास धान समजावे. तांदूळ समजू नये. हंगाम 2025-26 असा द्यावा. उत्तर रुपये प्रति क्विंटल. माहिती न मिळाल्यास तसे सांगते, शून्य देत नाही.’ जमिनीच्या चिठ्ठीत ‘क्षेत्र’ एवढाच रकाना होता. शेतकरी बोलणार एकरांत, अवजार समजणार हेक्टर, आणि हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर! तिथं ‘क्षेत्र हेक्टरमध्ये’ असं झालं. हवामानाच्या चिठ्ठीत तिनं ‘लावणी’ लिहिलं होतं. आमच्याकडे लावणी म्हटलं की ढोलकी आठवते. धानाची होते ती रोवणी. तोही शब्द आत गेला.

माझ्या अंगातला हेडमास्तर मग चेकाळला. एका चिठ्ठीसाठी मी दीड पान लिहून काढलं. पुतणीनं त्यातल्या पाच ओळी ठेवल्या. एजंट प्रत्येक वेळी सगळ्या चिठ्ठ्या वाचतो म्हणे. पाल्हाळात कामाचं वाक्य बुडतं आणि खर्च वाढतो तो वेगळाच. सौभाग्यवती आतून म्हणाल्या, “हे कोणीतरी यांना आधीच सांगायला हवं होतं!”

भाऊबीज आटोपली आणि गावोगाव मंडई भरू लागल्या. आमच्या गावच्या मंडईत तो मला उसाच्या ढिगाशी उभा दिसला. केस पार पांढरे झालेले. मी जवळ गेलो, तब्येतीचं विचारलं, आणि मग म्हटलं, “त्या पऱ्ह्यांची चूक माझी होती. चिठ्ठी मी नीट लिहिली नव्हती.”

तो थोडा वेळ हातातलं कांडं सोलत राहिला.

“झाकनही दोन्हीचं हिरवंच होतं, गुरजी,” तो म्हणाला.